अर्धा सेकंद

टेम्पोच्या म्युझिक सिस्टिमला लावलेल्या पेनड्राइव्हला गुडघा लागतो आणि तो वाकतो. असे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. गिऱ्हाइकाचं वाक्यही ठरलेलं, "नुसती पिन तुटलीय, सोल्डर मारलं की झालं." बऱ्याचदा खरंच तेवढंच असतं.

हा मात्र गावाकडच्या एका मोबाइलवाल्याच्या हातून आला होता. त्यानं यूएसबीची केबल कापून चार वायरी थेट आतल्या बोर्डच्या पॅडला, म्हणजे पिन जिथं चिकटते त्या तांब्याच्या ठिपक्यांना, जोडलेल्या. तांबडी चार नंबरला, काळी एक नंबरला. म्हणजे पाच व्होल्ट उलटे. मेमरीचा कारभार बघणारी चिप म्हणजे कंट्रोलर, त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा फोड, आणि मीटर लावला तर ३.३ व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट. चार वायरींचे रंग ओळखता येत नाहीत आणि पाटीवर 'डेटा रिकव्हरी' लिहितात. नंतर शिव्या आम्ही खातो.

पेनड्राइव्हचे मालक जत तालुक्यातले, पस्तिशीचे. पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात डाळिंबाचे क्रेट उतरवून आमची इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची तपकीर गल्ली शोधत आले होते. रात्री परतीचा माल भरायचा होता. स्टुलावर बसून म्हणाले, "दादा, ह्यात आण्णांचा गोंधळ हाय. बाकीची गाणी गेली तरी चालतील." आण्णा म्हणजे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले. रेकॉर्डिंग ज्या मोबाइलवर केलं तो विकून झाला होता.

आता यातला पेच सांगतो. डेटा असतो मेमरी चिपमध्ये आणि जळला होता शेजारचा कंट्रोलर. सगळ्यात सभ्य उपाय म्हणजे मेमरीला हातच लावायचा नाही. जळका कंट्रोलर काढायचा आणि तस्साच दुसऱ्या पेनड्राइव्हचा आणून बसवायचा. मी गल्लीतून त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे तीन पेनड्राइव्ह आणले आणि फोडले. तिन्हींत तीन वेगळे कंट्रोलर! कंपनी त्या महिन्यात जे स्वस्त मिळेल ते आत घालते, वरचं प्लॅस्टिक तेवढं एक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, जुन्या भंगारात असेल, आठवडाभर थांब.

मी थांबलो नाही. मेमरी चिपच काढून रीडरवर, म्हणजे सुटी चिप वाचायच्या यंत्रावर, वाचायची ठरवली.

या चिपला दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस पाय, दोन पायांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. बिस्मथचं लो-मेल्ट, म्हणजे कमी तापमानाला वितळणारं सोल्डर, पायांवर फिरवलं की मिश्रण त्याच्या बरंच खाली सैल होतं आणि चिप अलगद उचलली जाते. माझं लो-मेल्टचं रीळ संपलं होतं. म्हणून शिशाचं साधं सोल्डर मिसळलं आणि हॉट एअर, म्हणजे गरम हवेची गन, लावली. चाळीसेक सेकंदांत चिप निघाली, एकही पाय वाकला नाही. काम देखणं झालं, हे अजूनही म्हणेन.

पण आतले बिट म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार. या चिपच्या एकेका खान्यात दोन बिट, म्हणजे भाराच्या चार पातळ्या ओळखायच्या. माठातून पाणी झिरपावं तसा हा भार वर्षानुवर्षं झिरपत असतो, आणि उष्णता वाढली की झिरपणंही वाढतं.

रीडरवर चिपचा आयडी आला. पहिला बाइट ९८, म्हणजे तोशिबा. चिप एका वेळी जेवढं वाचते त्या तुकड्याला पान म्हणतात. आठ जीबी म्हणजे प्रत्येकी आठ केबीची दहा लाखांवर पानं. प्रत्येक पानासोबत थोड्या चुका दुरुस्त करायचे जादा बिट असतात, पण पहिल्या वाचनात २,३०० पानं त्या चूकदुरुस्तीच्या पलीकडे गेलेली. मग रीड-रिट्राय सुरू केलं. भार मोजायची रेघ थोडी खाली, थोडी वर सरकवून तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं. संध्याकाळपर्यंत ४१ पानं उरली. पुढचं काम किचकट, पण ओळखीचं. कंट्रोलर डेटा लिहिताना त्यावर ठरावीक नमुन्याची एक्सॉर फिरवतो, म्हणजे नमुन्याप्रमाणे काही बिट उलटे करतो; ती काढायची आणि डेटाचे विस्कटलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, ओळीनं लावायचे. साडेआठला फोल्डर दिसलं.

फोटो असता तर एक पान गेल्यावर पुढचा सगळा करडा झाला असता. एमपी३ सोशीक. त्याच्या सव्वीस-सव्वीस मिलिसेकंदांच्या चौकटी बऱ्यापैकी स्वतंत्र असतात, चार-दोन गेल्या तरी गाणं पुढं चालू राहतं. ४१ पैकी एकच पान या रेकॉर्डिंगमध्ये होतं. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला सोळा केबीला, आठ केबी म्हणजे अर्धा सेकंद.

हेडफोन त्यांच्याकडे दिला. ते मान खाली घालून ऐकत होते. सतराव्या मिनिटाला संबळ भरात आणि मध्येच 'टिर्र'. मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "हितं आण्णा थांबलं व्हतं. संबळ सैल पडलं व्हतं नव्हं, ताणून घेतलं."

अर्ध्या सेकंदात कोणी संबळ ताणून घेत नाही. शिवाय ते पान माझ्या यादीत होतं. त्यांना खरंच तसं आठवत होतं, की माझा चेहरा बघून बोलले, कळलं नाही. मीही काही बोललो नाही. पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले, तर ते उलट ओशाळले.

तो पेनड्राइव्ह दोन उन्हाळे टेम्पोच्या डॅशबोर्डवर काचेमागं भाजला होता. ते पान तिथंच गेलं असेल. किंवा माझ्या चाळीस सेकंदांत. हॉट एअरच्या आधीचं वाचन नाही, त्यामुळे ताडून बघायला काही नाही.

चिप त्यांनी मागितली नाही. ती माझ्याकडे अँटिस्टॅटिक पाकिटात आहे. लो-मेल्ट आल्यापासून तीनदा रीडरवर चढवली, पुरवठ्याचं व्होल्टेज थोडं थोडं बदलून. बाकीच्या चाळीसांतली सहा पानं आणखी सुटली. ते एक सुटलेलं नाही.