चोपडा, यावल, भुसावळ, जळगाव आणि पुन्हा चोपडा

मागच्या मे महिन्यात एका दुपारी भुसावळला वीज गेली. यूपीएसने थोडा वेळ तग धरला आणि मग त्यानेही मान टाकली. वीज परत आल्यावर तिथला राउटर नेहमीसारखा सुरू झाला, सगळे दिवे हिरवे दिसले. पण तेव्हापासून जळगावच्या मुख्य कार्यालयातून रावेर शाखेचा सर्व्हर कोणालाच सापडेना. केळीच्या गाड्या भरून उभ्या होत्या, पावत्या निघत नव्हत्या आणि रावेरचे व्यवस्थापक दर पाच मिनिटांनी फोन करून विचारत होते, "भाऊ, आमच्याकडे तर सगळं चालू आहे, मग आम्ही तुम्हाला दिसत का नाही?"

आमच्या नेटवर्कची मांडणी आधी सांगणे भाग आहे. चोपडा, यावल, फैजपूर आणि रावेर या जुन्या शाखा रिपच्या (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगण्याची, टप्पे मोजून अंतर ठरवणारी पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल) दुसऱ्या आवृत्तीवर चालतात आणि त्याच क्रमाने एकमेकींना जोडलेल्या आहेत. जळगाव, भुसावळ आणि धुळे यांच्यामध्ये ओएसपीएफ हा त्याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल आहे. दोन्ही प्रोटोकॉल बोलणारे राउटर दोनच: चोपड्याला जोडलेला जळगावचा आणि यावलला जोडलेला भुसावळचा. दोन्हीकडे दुहेरी रीडिस्ट्रिब्युशन, म्हणजे रिपचे रूट (कुठे जायला कोणती वाट, या नोंदी) ओएसपीएफमध्ये आणि ओएसपीएफचे रिपमध्ये. एक वाट तुटली तर दुसरी असावी, एवढाच त्यामागचा साधा हिशोब होता.

जळगावहून ट्रेसराउट (डेटाचे पॅकेट कोणकोणत्या राउटरांवरून जाते ते दाखवणारी आज्ञा) लावला तेव्हा पडद्यावर चोपडा आले, यावल आले, मग फैजपूर यायला हवे होते तिथे भुसावळ आले, त्यानंतर खुद्द जळगाव आणि पुन्हा चोपडा. तिसाव्या हॉपपर्यंत, म्हणजे टप्प्यापर्यंत, हीच चार नावे फिरत राहिली. म्हणजे केबल तुटलेली नव्हती, एकही राउटर बंद नव्हता. पॅकेट जिवंत होते आणि गोल गोल हिंडत होते.

अशा वेळी कॉन्फिगरेशन उघडून ओळ न् ओळ वाचत बसण्याचा मोह होतो. मी तो अर्धा तास केला आणि त्यातून काहीही निघाले नाही, कारण प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबरच होती. मग रावेरच्या नेटवर्कचा १०.२०.७.०/२४ हा एकच रूट धरला आणि प्रत्येक राउटरच्या टेबलात, म्हणजे रूटांच्या यादीत, जाऊन "हे तुला कोणी सांगितले?" एवढेच पाहत गेलो. जळगावच्या टेबलात तो रिपकडून, चोपड्यामार्गे आलेला दिसला, मेट्रिक (अंतराचा आकडा) ३. इथे खटकले. रावेरच्या शेजारचे फैजपूर १, यावल २, चोपडा ३, तर जळगावला ४ हवेत. अंतर खऱ्यापेक्षा एकाने कमी भरत होते, आणि रिपमध्ये अंतर असे आपोआप घटत नाही. कोणीतरी ते मध्येच नव्याने मोजायला घेतले होते.

ते भुसावळ होते. वीज गेली तेव्हा भुसावळचा राउटर ओएसपीएफमधून बाहेर पडला आणि जळगावने चोपड्यामार्गे रिपकडून आलेला रूट टेबलात घेऊन ओएसपीएफमध्ये सोडला. भुसावळ परत आल्यावर त्याच्यासमोर रावेरचे दोन दावेदार उभे राहिले: यावलकडून रिपने आलेला खरा आणि जळगावकडून ओएसपीएफने आलेला फेरफटक्याचा. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफचे प्रशासकीय अंतर (कोणत्या प्रोटोकॉलवर किती विश्वास ठेवायचा याचा आकडा) ११० असते आणि रिपचे १२०. कमी आकड्यावर विश्वास ठेवण्याचा नियम असल्यामुळे भुसावळने दारातला रस्ता सोडून जळगावचा धरला. एवढ्यावर थांबले असते तरी पॅकेट लांबून का होईना, पोहोचले असते. पण भुसावळ ओएसपीएफचे रूट रिपमध्ये टाकताना सगळ्यांना सरसकट मेट्रिक १ देत होते. जळगावला हाच आकडा ५ होता, म्हणून वीज जाईपर्यंत हा दोष झाकून राहिला होता. यावलने पाहिले की फैजपूर २ सांगते आहे आणि भुसावळ १, आणि त्याने भुसावळची वाट धरली. वर्तुळ पूर्ण झाले.

मला या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते ती वेगळीच आहे. रिपमध्ये १६ म्हणजे अनंत. फिरत राहिलेला रूट मोजत मोजत तिथे पोहोचला की मरतो, हे त्याचे जुने संरक्षण. आमच्या वर्तुळात मात्र प्रत्येक फेरीला भुसावळ मेट्रिक पुन्हा १ करत होते, त्यामुळे तो रूट कधीच मरणार नव्हता. खात्रीसाठी रावेरचा इंटरफेस, म्हणजे राउटरची त्या नेटवर्ककडची जोडणी, बंद करायला लावला, तरी जळगावच्या टेबलात रावेर तसेच ठाण मांडून होते.

उपाय दोन भागांत करावा लागला. पहिला टॅगचा: रिपमधून ओएसपीएफमध्ये जाणाऱ्या प्रत्येक रूटवर दोन्ही राउटरांनी १२० हा टॅग, म्हणजे ओळखीची खूण, लावायचा आणि तो टॅग असलेला रूट उलट दिशेने रिपमध्ये जाऊ द्यायचा नाही. इथे माझ्याकडून चूक झाली. रूट-मॅपच्या (कोणते रूट जाऊ द्यायचे या नियमांच्या यादीच्या) शेवटी न लिहिलेला नकार असतोच, हे माहीत असूनही बाकी सगळ्यांना परवानगी देणारी ओळ मी विसरलो आणि तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवला. काही मिनिटांतच रावेरहून फोन आला की आता धुळेही गेले.

ती ओळ घातल्यावर वर्तुळ तुटले, पण भुसावळ अजूनही रावेरला जळगावमार्गेच जात होते, कारण टॅगमुळे रूट परत फिरायचा थांबतो, ११० आणि १२० या प्रशासकीय अंतरांमधली निवड बदलत नाही. म्हणून दुसरा भाग असा, की दोन्ही राउटरांवर ओएसपीएफच्या फक्त बाहेरून (इथे रिपमधून) आलेल्या रूटांचे प्रशासकीय अंतर १३० केले. धुळ्याचे रूट आतलेच असल्यामुळे ते ११० वरच राहिले.

संध्याकाळी गाड्या निघाल्यावर रावेरचा इंटरफेस पुन्हा बंद करायला सांगितला, आणि या वेळी तो रूट काही मिनिटांत सगळीकडून गेला. मग भुसावळचा राउटर मुद्दाम दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा जळगावच्या टेबलात रावेरचे मेट्रिक ४ होते.