अकराच्या आत काठाला

इंदूरहून कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट उघडी नाव, घेऊन दोन रात्री पाण्यावर काढायच्या म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी नर्मदेवरचं इंदिरा सागर धरण येतं. रस्ता सिमरोल, बडवाह, सनावद, पुढे मूंदी आणि धरणाकाठचं हनुवंतिया. गाडीच्या टपावर नाव बांधली असेल तर आडवे दोन पट्टे पुरत नाहीत. पुढून आणि मागून एकेक दोरी बंपरच्या हुकाला हवी. भैरव घाटाच्या वळणांवर पट्टे ढिले पडतात, म्हणून घाट उतरल्यावर बडवाहला थांबून ते पुन्हा ताणायचे. चहा तसाही होतोच.

पुनासाजवळचं हे धरण 2005 मध्ये पुरं झालं. साठवण 12.22 अब्ज घनमीटर, म्हणजे देशात सगळ्यात मोठी, आणि भरल्यावर पाण्याचा पसारा 900 चौरस किलोमीटरच्या वर. याला तलाव समजलं की फसगत होते. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांबून येतो तितकी लाट वाढते, आणि इथे त्याला अडवायला मैलोन्‌मैल काही नाही. सकाळी सातला पाणी काचेसारखं असतं, वारा उठला की दुपारी त्याच पाण्यावर पांढरे माथे दिसतात. सामान भरलेल्या कनूचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहतो. आडवी लाट दोनदा आत आली की नाव जड होते, तिसरी लाट आपोआप आत येते.

म्हणून उजाडताच निघायचं आणि अकराच्या आत काठाला लागायचं. भरलेली नाव तासाला चार किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाला 12 ते 14 किलोमीटर, त्याहून जास्तीचा बेत आखूच नये. काठ धरून जावं. खाडीसारख्या फाट्याचं तोंड ओलांडायचं असेल तर ते पहाटे पहिलं काम. नकाशावर जवळचा दिसणारा सरळ रस्ताच इथे सगळ्यात महागात पडतो.

दोघांचं दोन रात्रींचं सामान 45 किलोच्या आत बसवा. जड वस्तू मधोमध आणि तळाला, बाकी सगळं जलरोधक पिशव्यांत, आणि पिशव्या नावेला बांधलेल्या. समोरून वारा असेल तर नावेच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, थोडं वजन हवं, नाहीतर नाक भरकटतं. पाठीमागून असेल तर उलट. त्यासाठी पाण्याचा दहा लिटरचा कॅन पुढेमागे सरकवला की भागतं. लाट वाढली की बाकड्यावरून उतरून गुडघे टेकायचे. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले. पायाखाली ठेवलेलं जॅकेट उलटलेल्या नावेत सापडत नाही. नाव उलटलीच तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नये, धरून राहावं. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून दोरीने बांधून ठेवा. इंदूरच्या सियागंज बाजारात दोरी घेताना पॉलीप्रोपिलीनची मागा, ती तरंगते. नायलॉनची बुडते.

मागे बसणाऱ्याने वल्हं मारलं की नाव विरुद्ध बाजूला वळते. दर दोन फटक्यांनी वल्ह्याची बाजू बदलणं म्हणजे मांडीवर पाणी सांडत जाणं. त्यापेक्षा वल्ह्याचं पातं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून ते किंचित बाहेर ढकला. अंगठा वर राहिला तर पातं सुकाणूसारखं अडतं आणि वेग जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असतं, मग उतरत जातं आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. भर पाण्यात पाणकावळा पाय रोवून उभा दिसला तर त्याच्याखाली बुंधा आहे असं धरून चाला. मासेमारांची जाळी प्लास्टिकच्या बाटल्यांवरून ओळखू येतात. वल्हं उचलून वरून सरकत जा, अडकलं तर हाताने सोडवा, कापू नका.

हवा भरून फुगवायची कनू डिकीत मावते, म्हणून तीच जास्त दिसते. गार पाण्यात टाकल्यावर ती सैल पडते, तेव्हा दहा मिनिटांनी पुन्हा थोडी हवा भरा. दुपारी काठावर उन्हात ठेवताना मात्र हवा कमी करा, नाहीतर शिवण उसवते. काठावरच्या बाभळीचा काटा हा तिचा खरा वैरी. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही, पीव्हीसीचाच गोंद आणि ठिगळ न्या. जागा कोरडी करून, खरवडून, दोन्ही बाजूंना गोंद लावून दाबा आणि रात्रभर सुकू द्या.

मुक्कामाची जागा आधी वनखात्याला किंवा पर्यटन विभागाला विचारून ठरवा. पाणी उतरलेल्या काठावर गाळाचा वरचा थर वाळून भेगाळतो आणि पक्का वाटतो, खाली मात्र गुडघाभर चिखल. उतरण्याआधी वल्ह्याने टोचून पाहा. तंबू मुरमाड उंचवट्यावर, पाण्यापासून निदान तीस मीटर लांब. नर्मदेत मगरी आहेत, तेव्हा अंधार पडल्यावर काठावर भांडी घासू नका. नाव पूर्ण वर ओढून पालथी घाला आणि झाडाला बांधा.

पिण्याला माणशी दिवसाला चार लिटर. धरणाचं पाणी वापरायचं तर तुरटी फिरवून निवळू द्या, फडक्याने गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा. 230 ग्रॅमच्या एका गॅस कॅनिस्टरवर दहा-बारा लिटर पाणी उकळतं, त्या हिशेबाने पिठलं-भात आणि पोहे बसतात. पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, जिरावण, विसरू नका. सागाच्या वाळक्या पाचोळ्यात चूल पेटवू नये.

धरणाच्या खालच्या नदीपात्रात नाव घालायचा मोह होतो, तिथे पाणी उथळ आणि देखणं दिसतं. वीजगृहाने पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. एप्रिल 2005 मध्ये धरणाच्या खाली नर्मदेकाठच्या धाराजीच्या मेळ्यात असंच अचानक आलेलं पाणी यात्रेकरूंना घेऊन गेलं. तिथे वल्हं टाकू नका.