न पाडलेली दोन भोकं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला रेन ट्री आम्ही उतरवला. संध्याकाळी पाचच्या सुमारास बुंध्यावरचा शेवटचा काप पूर्ण झाला, ओंडका कलंडला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. मी टेप घेऊन गुडघ्यावर बसलो. त्या चार मापांमुळे आज हे लिहितोय.

सोसायटीचा फोन मार्चमध्ये आला होता. झाडाच्या बुडाशी 'कुत्र्याच्या छत्र्या' येतात, माळी दर पावसाळ्यात खुरप्यानं खरवडून काढतो, तरी पुन्हा येतात, असं सेक्रेटरी म्हणाले. जाऊन पाहिलं तर साध्या छत्र्या नव्हत्याच. खोडाला फळीसारखी चिकटलेली, वरून लालसर तपकिरी आणि वॉर्निश फिरवल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी किनार. खालच्या पेव्हर ब्लॉकवर कोकोच्या भुकटीसारखी धूळ. गॅनोडर्मा. खरवडून काढायचा काही उपयोग नसतो, कारण ते बुरशीचं फळ आहे. खुद्द बुरशी आत लाकडात आणि मुळांत पसरलेली असते आणि फळ दिसेपर्यंत तिथं तिची कित्येक वर्षं गेलेली असतात.

झाड मोठं होतं. छातीच्या उंचीला घेर 3.4 मीटर, उंची सोळाच्या आसपास, छत्र दोन इमारतींच्या मधली सगळी जागा झाकणारं. तळमजल्यावरच्या आजोबांनी ते स्वतः लावलेलं. "बहात्तरच्या दुष्काळात आंघोळीचं पाणी घातलंय याला," ते म्हणाले. म्हणजे पन्नाशी उलटलेली. वृक्षसंरक्षणाचा 1975 चा कायदा 2021 मध्ये बदलला, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. हे मी सेक्रेटरींना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न रोपं कुठं लावायची हा विचारला.

झाडाची ही अवस्था कशानं झाली, ते तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळत होतं. रस्त्याच्या बाजूला बुंध्यापासून हातभर अंतरावर ड्रेनेजची लाइन टाकलेली. चर खणताना आड आलेली मुळं त्या ठेकेदारानं जेसीबीनं ओढून तोडली असणार. करवतीनं सरळ कापलेलं मूळ निदान नीट झाकलं जाण्याची शक्यता असते, जेसीबीच्या बादलीनं ओढलेलं मूळ लांबवर चिरफाळतं आणि बुरशीला आयती वाट मिळते. चर बुजवून वर थेट खोडाला भिडतील असे पेव्हर ब्लॉक. पाणी नाही, हवा नाही. वर बघितलं तर दर मे महिन्यात 'पावसाळ्यापूर्वीची छाटणी' म्हणून कुणीतरी मोठ्या फांद्या खोडालगत सपाट तासलेल्या.

याबद्दल मला नेहमी संताप येतो. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. जखम बंद करण्याची झाडाची सगळी ताकद त्या कड्यात असते. आधी खालून एक काप, मग थोडं पुढं वरून दुसरा, फांदी साल न ओरबाडता खाली जाते, आणि मग उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून तिसऱ्या कापात काढायचा. एवढंच करायचं असतं. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेन सॉनं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती भिंत घालून तो भाग बंद करतं आणि पुढं वाढतं. कडं कापलं की ही भिंत नीट बांधलीच जात नाही. पण छाटणीवाल्याला मजुरी लाकडातून सुटते, 'लाकूड तुमचं, काम फुकट' असा सौदा असतो, आणि सोसायट्यांना तो फार आवडतो. जितकी जाड फांदी तितका फायदा. मग बारीक, वाळक्या, खरोखर काढायच्या फांद्यांना कोण हात लावणार?

तपासणीत मी जे नेहमी करतो ते केलं. लाकडी हातोड्यानं बुंधा चहूबाजूंनी ठोकला. रस्त्याकडं आवाज बद्द, पोकळ, इमारतीकडं बराच टणक. मग रस्त्याच्या बाजूला, बुरशीच्या दोन्ही अंगांना, लांब बारीक बिटानं दोन भोकं पाडली आणि बाहेर येणारा भुसा पाहत राहिलो. पहिले दहा-अकरा सेंटीमीटर कोरडा, सोनेरी भुसा. मग बिट एकदम आत गेलं आणि भुशाऐवजी पांढरट, ओलसर तंतू आले. लाकडातून सुई फिरवून आलेख काढणारं यंत्र माझ्याकडं नाही, ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढणारंही नाही. ड्रिल आणि बोटांच्या चिमटीतला भुसा, एवढंच.

उरलेल्या दोन बाजूंना मी भोक पाडलं नाही.

कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येक भोक झाडानं आतून घातलेल्या भिंतीतून आरपार जातं आणि बुरशीला चांगल्या लाकडात शिरायला वाट देतं. झाड राहणार असेल तर उगाच भोकं पाडू नयेत, हे मी माझ्याकडं काम करणाऱ्या पोरांनाही शिकवतो. पण त्या दिवशी माझं मन आधीच ठरलं होतं. झाडाखाली, रस्त्याच्या बाजूलाच, इस्त्रीवाल्या काकांची टपरी होती. सकाळी आठ ते रात्री आठ माणूस तिथं उभा. शाळेच्या दोन व्हॅन तिथंच थांबायच्या. झाड किती कमकुवत आहे याइतकंच ते कुणावर पडेल हे आम्हाला पाहावं लागतं. ओसाड माळावर हेच झाड मी खुशाल उभं ठेवलं असतं.

अहवालात लिहिलं: मुळांत व बुंध्यात गॅनोडर्मा, रस्त्याच्या बाजूची मुळं तुटलेली, पावसाळ्यापूर्वी काढावं. अर्ज गेला, झाडावर नोटीस लागली, पाहणी झाली, परवानगी आली.

उतरवायच्या दिवशी सकाळपासून ढग होते. रेन ट्रीची पानं ढगाळ हवेत मिटतात, संध्याकाळी मिटतात तशी, त्यामुळं अख्खं छत्र विरळ दिसत होतं, आकाश आरपार. घरटी आहेत का ते आधी पाहिलं. एका वाळक्या फांदीत तांबटानं कोरलेलं बीळ होतं, रिकामं. मग चढणारा वर गेला. हा माझ्याकडचा सगळ्यात चांगला माणूस. बेचक्यात दोर कसा टाकायचा, कुठल्या फांदीला भार द्यायचा नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. खाली दोराचे खोडाला तीन वेढे घेतले की दोन क्विंटलची फांदीही एक माणूस हळूहळू सोडू शकतो. दिवसभरात एकही फांदी कंपाउंडच्या भिंतीला लागली नाही, एकही कुंडी फुटली नाही.

अकराच्या सुमाराला तो वरून ओरडला, "दादा, लाकूड दगडासारखं आहे."

"वरचं चांगलंच असणार, सड खाली आहे," मी म्हणालो.

दुपारी जेवतानाही तो एकदा बोलला, बुंधा अंगाखाली हलत नाही म्हणून. मोठ्या फांद्या खाली सोडताना खोडाला झटका बसतो. कमकुवत बुंधा तेव्हा कुरकुरतो, पायाला कळतं. त्याच्या पायाला काही कळलं नव्हतं. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या कामाचं सांगितलं. तेव्हा जे हातात होतं ते थांबवायची वेळ निघून गेली होती, अर्धं झाड खाली आलं होतं.

तर मापं. जमिनीपासून फूटभर उंचीवर बुंध्याची त्रिज्या 60 सेंटीमीटर. मधे पोकळी आणि पांढरा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुजका गाभा. भोवतीची चांगल्या लाकडाची भिंत रस्त्याकडं 11 सेंटीमीटर, माझ्या भोकांनी सांगितलं तेवढीच. डावीकडं 22. उजवीकडं 24. इमारतीकडं 28.

जर्मनीतले क्लाउस मॅटेक यांनी शेकडो पोकळ झाडांची, उभ्या आणि मोडलेल्या, मापं घेऊन एक आडाखा बांधला आहे: चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी झाली की झाड मोडण्याचा धोका खूप वाढतो. 60 चे तीस टक्के 18. चारपैकी तीन बाजू त्याच्या वर. एक बरीच खाली. या आडाख्यावर पुढं पुष्कळ वाद झाले आहेत आणि एका बाजूला पातळ झालेल्या भिंतीला तो नीट लागू पडत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या दोन भोकांऐवजी चार पाडली असती, तर मी अहवालात 'काढावं' हा शब्द इतक्या सहज लिहिला असता का? वरून तीन-चार मीटर उंची योग्य फाट्यांपाशी कमी करता आली असती. उंची थोडी उतरली की वाऱ्याची ओढ त्या मानानं बरीच जास्त उतरते. टपरी पलीकडं हलवायची, पेव्हर ब्लॉक उखडून माती मोकळी करायची, दर वर्षी तपासायचं. महाग नव्हतं, फक्त चिकाटीचं काम होतं. सोसायट्या अशी चिकाटी दाखवत नाहीत असा माझा अनुभव आहे, आणि तो अनुभवही त्या दिवशी माझ्या हातोड्याबरोबर बुंध्यावर वाजत होता.

मुळांचा प्रश्न राहतोच. गॅनोडर्माच्या झाडाचा बुंधा टिकला तरी ते मुळासकट उलथू शकतं, आणि मी मुख्य भीती तीच लिहिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चानं रस्त्याच्या बाजूचे ब्लॉक काढून खणलं. मनगटाएवढ्या जाडीची चार मुळं चराच्या काठाशी तुटलेली, टोकं चिरफाळलेली. दोन तर बोटांनी दाबली तर पाणी सुटावं इतकी मऊ. या बाजूला झाडाला काही धरून ठेवत नव्हतं, यात शंका नाही. इमारतीच्या बाजूला खणायला मिळालं नाही, तिथून गॅसची लाइन गेली आहे. म्हणजे बुंध्याचं पूर्ण माप मिळालं आणि मुळांचं अर्धंच.

आजोबा खणताना खुर्ची घेऊन बसले होते. मी त्यांना ती मऊ मुळं दाखवली. त्यांनी हातात घेऊन दाबून पाहिली आणि विचारलं, "पलीकडची?" मी म्हणालो, "पलीकडं खणता येत नाही." ते गप्प बसले. मला वाटतं त्यांना सगळं समजलं.

इस्त्रीवाले काका मात्र माझ्यावर रागावले नाहीत, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. टपरीवर नवा पत्रा टाकत होते. "साहेब, पडलं असतं तर आम्हीच खाली असतो," म्हणाले. कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर पत्रा, ऊन थेट. पुढचा मे त्यांचा कसा जाईल, हे त्यांनाही माहीत होतं.

ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यानं जाताना मुद्दाम आत गेलो. रस्त्याकडच्या खुंटावर गॅनोडर्मा नव्यानं फुटला होता, ओला, पांढऱ्या किनारीचा. आणि इमारतीच्या बाजूला, भिंत 28 सेंटीमीटर होती तिथं, सालीतून हातभर उंचीचे सात-आठ फुटवे. जोमदार, गडद पानांचे. म्हणजे त्या बाजूची मुळं जिवंत आहेत. सोळा मीटरचं झाड वादळात पेलायला ती पुरेशी होती का, ते फुटव्यांवरून कळत नाही.

सेक्रेटरी मागून आले. "सर, हे उपटून टाकायला माळ्याला सांगू ना?"

"राहू द्या," मी म्हणालो. "आणि त्याच्याभोवतीचे ब्लॉक तेवढे काढून घ्या."