पाचट तेल पितं, पण पाणीही पितं

२०२० च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसजवळ प्रवाळावर अडकलेल्या ‘वाकाशिओ’ जहाजातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडलं. तिथल्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या जोडल्या आणि हे बांध पाण्यात सोडले. तेव्हापासून शेतातला काडीकचरा आणि तेल हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पसरट भांड्यात पाणी घेऊन वर वापरलेलं इंजिन ऑइल ओतायचं आणि त्यावर उसाच्या चिपाडाचा कोरडा चुरा टाकायचा, हा प्रयोग मी अनेकदा केला आहे. चुरा बघता बघता काळा पडतो, तवंग त्याच्याकडे सरकतो आणि मधे स्वच्छ पाणी दिसू लागतं. मला ते बघायला फार आवडतं. पण भांडं तसंच ठेवलं तर काही काडक्या हळूहळू तळाला जातात, आणि तेलही घेऊन जातात.

कारण चिपाडाचे तंतू ज्या सेल्युलोजचे बनलेले असतात, त्याला पाण्याची ओढ असते. त्यातले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाण्याला धरतात. म्हणून संशोधक चिपाड, भाताचं तूस, मक्याची बुरकुंडं यांच्यावर ॲसिटिक अॅनहायड्राइड या रसायनाची प्रक्रिया करतात. त्या गटांच्या जागी ॲसिटिल गट बसतात आणि तंतू पाणी नाकारून तेल धरू लागतो. सावरीच्या कापसाला हे निसर्गानेच दिलंय: वरून मेणाचा थर, आत पोकळ तंतू. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट तेल धरतो.

किती शोषलं याचे आकडे सगळे उत्साहाने सांगतात. माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. सुटा भुसा पाण्यावर उधळला तर तो परत गोळा कोण करणार? जाळीच्या पिशवीत भरलेलाच हवा. शिवाय जड तेल लाटांनी घुसळून पाण्याशी मिसळलं की घट्ट लगदा होतो. मग ते तंतूंच्या आत शिरत नाही, नुसतं बाहेरून चिकटतं. म्हणजे पहिले काही तासच मोलाचे.

त्यामुळे बंदरांवर आणि धक्क्यांवर पाचटाच्या भरलेल्या पिशव्या कोरड्या जागी आधीच रचून ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. तेल प्यालेल्या पिशव्या कुठे जाळायच्या, कुठल्या भट्टीत, हेही त्याच वेळी ठरलेलं असावं. त्या उकिरड्यावर गेल्या तर पावसाबरोबर तेच तेल पुन्हा ओढ्यात उतरतं.