आमची वाटचाल : फ्लायव्हील फेसिंगपासून बेल हाउसिंगच्या डायलपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा टेम्पो-ट्रकच्या फ्लायव्हील फेसिंगवर (इंजिनामागच्या जड चाकाचं तोंड सपाट करण्यावर) उभा राहिला. आज निम्म्याहून जास्त काम रेप्लिका स्पोर्ट्स कारचं असतं, विशेषतः कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीच्या गाड्यांचं. फोर्डचं ३०२ व्ही-एट इंजिन, ट्रेमेकचा टी-५ गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच) तिसऱ्याच कंपनीचं, असा संच समोर येतो. तिन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम असतात, पण त्यांची मधली रेष जुळलेली आहे याची हमी कोणीच देत नाही. ती हमी देणं हाच आमचा धंदा.

हाउसिंगची जागा बोल्ट ठरवत नाहीत, इंजिनाच्या ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) ठरवतात. म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी डायल (हजारांश इंचातला फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लागलाच पाहिजे. दोन्ही तोंडांवरचा रंग आणि बर (धातूची उठलेली बारीक धार) काढायची, इंजिनामागची पातळ ब्लॉक प्लेट मध्ये ठेवायची (ती विसरली तर सगळं माप फुकट) आणि हाउसिंगचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायचे. स्पार्क प्लग काढले की क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) हाताने सहज फिरतो. डायलचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर बसतो; फ्लायव्हील अॅल्युमिनियमचं असेल तर पट्टी करून बोल्टने बांधावी लागते. टोक हाउसिंगच्या मागच्या बोअरमध्ये टेकवून पूर्ण फेरा द्यायचा.

एकूण रनआउट (एका फेऱ्यातल्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी रीडिंगमधला फरक) ५ थाऊच्या, म्हणजे इंचाच्या ५ हजारांशाच्या आत हवा. १६ थाऊ आला तर केंद्र प्रत्यक्षात ८ थाऊ सरकलेलं असतं, कारण डायल नेहमी दुप्पट दाखवतो. मग डॉवेलच्या जागी ७ थाऊची ऑफसेट पिन (जिचा मध्य तेवढा सरकवलेला असतो) घालायची; उरलेला रनआउट २ थाऊ. या पिना ७, १४ आणि २१ थाऊच्या मिळतात. डायलचं टोक जिथे सर्वात जास्त दाबलं जातं, तिथली भिंत आत आलेली असते. हाउसिंग त्याच दिशेला बाहेर सरकवायचं. दोन्ही पिनांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर हाउसिंग बसतच नाही.

मागच्या तोंडाचा चौरसपणा वेगळा तपासतो. इथे क्रँकचा पुढे-मागे असलेला प्ले फसवतो, म्हणून प्रत्येक रीडिंगला क्रँक एकाच बाजूला दाबून धरायचा. तोंड तिरकं निघालं तर शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालतो किंवा सरफेस ग्राइंडिंग करतो.

हे मोजणं टाळलं तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाशी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला आधार देणारं) लवकर जातं, इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आवाज येतो, क्लच दाबूनही गिअर खरखरतो, चालत्या गाडीत गिअर सुटतो. गिऱ्हाईक मात्र दोष गिअरबॉक्सला देतो आणि तो दोनदोनदा उघडतो. म्हणून मोजणीचे पैसे आम्ही बिलात वेगळे दाखवतो आणि घड्याळाच्या १२, ३, ६, ९ या जागांची रीडिंग कागदावर लिहून देतो.

गिअरबॉक्स चढवताना दोन लांब स्टड (आट्यांचे दांडे) लावतो. शाफ्ट अडला तर बोल्ट आवळून ओढायचा नाही. गिअरबॉक्सचं वजन क्लच प्लेटच्या हबवर लटकलं की प्लेट वाकते. आधी क्लच प्लेट पुन्हा मध्यावर आणायची.