सेन्सर बंद केला, पण रेल शून्यावर आली का? लेव्हल ट्रान्सलेटरचा माझा अनुभव

बॅटरीवर चालणाऱ्या एका बोर्डवर ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर कायम सुरू ठेवायचा आणि १.८ व्होल्टचा सेन्सर लागेल तेव्हाच चालू करायचा होता. मध्ये एसएन७४एलव्हीसी१टी४५ हे लेव्हल ट्रान्सलेटर, म्हणजे दोन वेगळ्या व्होल्टेजच्या भागांमध्ये सिग्नल जुळवून देणारी चिप. त्याची डेटाशीट सांगते की दोनपैकी कुठलाही सप्लाय ग्राउंडला असला की दोन्ही पोर्ट हाय इम्पिडन्समध्ये जातात, म्हणजे लाइनपासून जवळपास तुटल्यासारखे होतात. साध्या सीमॉस चिपमध्ये पिनवरच्या डायोडमधून बंद रेलमध्ये (सप्लायच्या लाइनमध्ये) करंट शिरतो आणि बंद केलेला भाग अर्धवट जिवंत राहतो. इथे ‘आयऑफ’ सर्किटने ती वाटच अडवलेली असते. म्हणूनच ही चिप निवडली होती.

तरीही सेन्सर बंद केल्यावर स्लीप करंट, म्हणजे बोर्ड झोपेत असताना बॅटरीतून जाणारा करंट, म्हणावा तितका खाली येईना.

मल्टिमीटर १.८ च्या रेलवर लावला, तर तिथे काहीशे मिलिव्होल्ट शिल्लक! प्रोब धरून ठेवला की आकडा सावकाश उतरायचा, आणि बॅटरीच्या वायरीत लावलेल्या दुसऱ्या मीटरवरचा करंटही त्याच्यासोबत घसरायचा. प्रोब उचलला की थोड्या वेळाने दोन्ही परत वर. मीटरचा इनपुट १० मेगाओहम, रेलवरचा कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (रेल किती वेगाने उतरते याचं माप) ४७ सेकंद. रेल रिकामी करायचं काम माझा मीटरच करत होता!

डेटाशीटमधला ‘ग्राउंडला’ हा शब्द तेव्हा मला नीट उमगला. सेन्सरची रेल चालू-बंद करणारा लोड स्विच सप्लाय तोडतो, पण रेलला ग्राउंडवर नेऊन ठेवत नाही. ती तरंगत राहते आणि कुठून तरी झिरपणारा किंचित करंटही तिला वर धरून ठेवायला पुरतो. ही चिप १.६५ व्होल्टपासून पुढे काम करते आणि आयसोलेशनची (पोर्ट तुटल्यासारखे होण्याची) हमी शून्यावर आहे. मधल्या पट्ट्यात ती कशी वागेल, याची हमी कुणीच देत नाही.

मग आउटपुट डिस्चार्ज असलेला, म्हणजे बंद होताना रेल ग्राउंडकडे रिकामी करणारा लोड स्विच बसवला. आतला रेझिस्टर २०० ओहमच्या आसपास धरला तर टाइम कॉन्स्टंट एक मिलिसेकंदाच्याही आत येतो. स्कोपवर रेल सरळ खाली येऊन शून्यावर बसताना पाहिली, फार बरं वाटलं.

करंट बराच उतरला, पण पूर्ण नाही. आयसोलेशन झालं की ट्रान्सलेटर कंट्रोलरच्या इनपुटला ना हाय देतो ना लो. पिन नुसती लोंबकळते. व्होल्टेज मध्येच कुठेतरी अडकलं की इनपुट बफरमधले दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात. त्या लाइनवर १०० किलोओहमचा पुल-डाउन (पिनला ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) टाकला आणि करंट जागेवर आला. माझ्या मते हा रेझिस्टर सर्किटमध्ये पहिल्यापासूनच असावा, कारण हाय इम्पिडन्स म्हणजे लो नव्हे.

जास्त लाइन असतील तिथे मी आता आउटपुट एनेबल (आउटपुट चालू-बंद करणारी पिन) असलेला एसएन७४एलव्हीसी८टी२४५ घेतो. त्याचे कंट्रोल पिन ए बाजूच्या सप्लायवर चालतात, म्हणून कायम सुरू राहणारा ३.३ व्होल्ट ए बाजूला देतो. एनेबल पिन लो असताना चिप चालू असते, म्हणून त्या पिनला त्याच ३.३ ला पुल-अप. फर्मवेअर आधी एनेबल हाय करतं, मगच सेन्सरची रेल तोडतं.