निघताना कागद नीट घ्या

नोकरी गेली की जो भेटेल तो सांगतो, सीव्ही अपडेट कर. मी सांगते, सीव्ही आठवडाभर थांबेल. आधी ज्या ऑफिसातून निघताय तिथून अनुभवपत्र नीट लिहून घ्या, आणि ते हातात पडेपर्यंत एचआरचा पिच्छा सोडू नका.

माझं आधीचं ऑफिस अंधेरीला, मरोळच्या बाजूला. औषधांच्या वितरणाची कंपनी. मी अकाउंट्सला, एक्स्पायरीचे क्लेम बघायचे. केमिस्टकडे मुदत संपलेला माल स्टॉकिस्टमार्फत परत येतो. तो बॅच नंबरनुसार मूळ बिलाशी जुळवायचा आणि मग क्रेडिट नोट, म्हणजे त्या मालाचे पैसे वजा करून देण्याचा कागद, काढायची. २०२३ साली हे सगळं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरलं आणि आमचा सेक्शनच बंद झाला. मला मीटिंग रूममध्ये बोलावलं तेव्हा टेबलावर राजीनाम्याचा टाइप केलेला कागद तयार होता. खाली माझं नाव, सहीची जागा रिकामी.

"मॅडम, राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील. पुढच्या कंपनीत प्रश्न येणार नाहीत."

या वाक्याचा मला आजही राग येतो. काम बाहेर दिलं कंपनीने, आणि डाग म्हणे माझ्या रेकॉर्डवर! मी सोमवारपर्यंत वेळ मागितला आणि घरी आले. आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुष्यभर विक्रोळीच्या कारखान्यात युनियनचं काम केलेले. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. म्हणाले, "सही करायची नाही. राजीनामा म्हणजे नोकरी तू सोडलीस. त्यांनी काढलं ना? मग तसं त्यांना लिहू दे."

फरक पैशांचाही आहे. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली असली की राजीनामा दिला तरी मिळते. पण कामगार कपातीची भरपाई वेगळी. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. कारकुनी काम करणाराही त्यात येत असे. खुशीने राजीनामा दिला की ही भरपाई गेली. सोमवारी मी एवढंच लेखी मागितलं. बीकेसीतल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, जायची वेळ आली नाही, पण जायची माझी तयारी होती आणि ते त्यांना दिसत होतं.

मग पत्राचा घोळ. पहिलं पत्र आलं ते साच्यातलं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीला होत्या, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सोडण्याचं कारण, 'वैयक्तिक'. ते मी परत केलं. 'विभाग बंद केल्यामुळे पद रद्द झाले' हे शब्द यायला तीन मसुदे लागले. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने टाकलेली शेवटची तारीख आणि पत्रातली तारीख यांतही दोन दिवसांचा फरक होता, तोही दुरुस्त करून घेतला. नव्या कंपनीची पडताळणी करणारी माणसं नेमकं हेच ताडून बघतात: तारखा, हुद्दा, सोडण्याचं कारण, आणि परत घ्याल का या प्रश्नाचं उत्तर.

पण एचआरच्या पत्राने नोकरी केली होती एवढंच कळतं. काम कसं होतं हे ज्याने पाहिलंय त्यानेच लिहावं. आमचे जुने साहेब रिटायर होऊन पार्ल्याला असतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "ये, पण रिकाम्या हाताने येऊ नकोस. काय काय केलंस ते लिहून आण, मला आठवतं तेवढंच मी सही करीन." मी लिहून नेलं. साहेब पेन घेऊन बसले आणि 'मेहनती', 'प्रामाणिक' हे दोन्ही शब्द खोडले. "हे सगळ्यांबद्दल लिहितात." त्याऐवजी त्यांनी लिहिलं की जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जुन्या व्हॅटच्या बिलांवर विकलेला माल नव्या करात परत येत होता, स्टॉकिस्ट रोज भांडत होते, आणि ते क्लेम जुळवायचा तक्ता हिने स्वतः बसवला. तो सेक्शन बंद होईपर्यंत चालू होता. शेवटी स्वतःचा मोबाईल नंबर.

ठाण्याला वागळे इस्टेटच्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तेव्हा तिथल्या मॅनेजरने त्या तक्त्याबद्दलच विचारलं. नंतर साहेबांना फोनही केला. बोलणं बराच वेळ चाललं, असं साहेबांनी सांगितलं. आज मी तिथेच आहे.

माझ्या हाताखालच्या मुलाने मात्र त्याच दिवशी सही करून टाकली होती. घरी आईचं डायलिसिस चालू, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे, अडकवतील अशी भीती घातली त्याला. भरपाई गेलीच, आणि पत्रात 'वैयक्तिक कारण' राहून गेलं. मागच्या महिन्यात तो नवीन नोकरीसाठी फिरत होता. मी त्याला म्हटलं, तुझं काम मी पाहिलंय, मी लिहिते. भिवंडीच्या गोडाऊनमधल्या परत आलेल्या मालाची मोजणी आणि पुस्तकातला आकडा यांतली तफावत त्याने कशी शोधली, ती सगळी हकिकत लिहिली. सेक्शन कंपनीने बंद केला हेही स्पष्ट लिहिलं. खाली माझा नंबर दिलाय. ऑफिसच्या वेळेत आला तरी तो फोन मी उचलणार आहे.